शिकनिबाबू

मला लहानपणापासून किळस फार. दुधावरची साय ओठाला लागली की पेला खाली ठेवायचा, कोणाच्या ओल्या पंच्याला हात लागला की तो साबणाने धुवायचा, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासे कापत बसणाऱ्या बाईसमोरून जाताना रोखलेला श्वास थेट ट्रामच्या रस्त्याला लागल्यावर सोडायचा, असं माझं चाले. कलकत्त्यात, बागबाजारात राहायचं आणि माशाचा वास नको म्हणायचं, हे कसं जमणार, असं आई विचारायची. ती सांगलीहून लग्न होऊन आलेली. मासे तीही खात नसे, पण त्या वासाशी तिने केव्हाच जुळवून घेतलं होतं. मी घेतलं नाही. आज साठी उलटल्यावरही मी हॉटेलातला चमचा रुमालाने पुसल्याशिवाय तोंडात घालत नाही, आणि माझी मुलगी त्यावरून मला हसते. तिला हसू दे. मी जे सांगणार आहे त्यात माझी किळस गेली असं कुठेही येणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचे आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णाकाका, दोघांचाही जन्म इथला. दोघं आपसांत मराठी बोलत, पण भांडायचं झालं की बंगालीवर येत. भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण होतो: आई, बाबा, अण्णाकाका, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी मिनू. खाली घरमालक राहत, म्हणजे अरुणकाकू, त्यांची बायको काकिमा आणि मिनूच्याच वयाची त्यांची मुलगी टुकू. बंगालीत काकू म्हणजे काका. माझी मावशी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा मिनूने तिला सांगितलं, ‘अरुणकाकू दाढी करताहेत, मग येतील,’ त्यावर मावशीने जिन्यातून दोनदा खाली वाकून बघितलं होतं. मिनूचं मराठी असंच होतं. ती पाणी ‘खायची’, आणि डोकं दुखायला लागलं की ‘माझं डोकं धरलंय’ म्हणायची. आई रोज सुधारायची आणि मिनू रोज पुन्हा पाणी खायची.

त्या घराचे आवाज मला अजून क्रमाने आठवतात. पहाटे रस्ता धुणाऱ्या नळाचं गढूळ पाणी फसफसत यायचं, मग हातगाड्या, मग नदीवरच्या लाँचचा भोंगा, मग खाली काकिमांच्या विळीची कचकच. संध्याकाळी घराघरांतून शंख वाजायचे आणि त्यात कोणाचा तरी शंख नेहमी फुटका लागायचा. आईची हिंगाची फोडणी आणि काकिमांचं मोहरीचं तेल हे दोन वास जिन्यात निम्म्यावर एकमेकांना भेटायचे. आमच्याकडे ज्वारीचं पीठ मिळत नसे, म्हणून थालीपीठ हे सणासारखं होतं. सांगलीहून कोणी आलं की भाजणीचा डबा यायचा, आणि आई त्यातली एक वाटी भाजणी खाली काकिमांना द्यायची. काकिमा ती दुधात कालवून खीर करायच्या. आईला ते आवडायचं नाही, पण ती खीर मात्र खायची.

अण्णाकाका मुलांच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. धोतर कडक इस्त्रीचं, नखं कापलेली, आणि खिशात दोन रुमाल, एक हातासाठी आणि एक तोंडासाठी. रंगाच्या ब्रशची दांडीसुद्धा ते काम झाल्यावर पुसून ठेवत. जेवताना त्यांच्या ताटाबाहेर कधी शीत सांडलेलं मी पाहिलं नाही. माझी किळस त्यांच्यावर गेली आहे, असं आई म्हणायची, आणि मला त्याचा अभिमान होता. रविवारी ते मला शेजारी बसवून चित्र काढायला शिकवत. माझं चित्र बिघडलं तरी ते खोडरबर देत नसत. ‘बिघडलेलं आहे ना, मग आता त्याचं काय होतंय ते बघ,’ म्हणत. माणूस एवढा नीटनेटका, आणि बिघडलेल्या रेघेवर मात्र त्याचा जीव. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही.

मी तेरा वर्षांची असताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. शाळेतून त्यांना रिक्षात घालून आणलं तेव्हा मी दारातच उभी होते. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. तोंड उजवीकडे ओघळल्यासारखं झालं, आणि त्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. ती दिवसभर गळायची. त्यांच्या मांडीवर आईने एक चौकड्यांचा पंचा कायमचा टाकून ठेवला होता. तो रोज धुतला तरी त्याला आंबूस वास असायचा, ताक नासल्यासारखा. आई सकाळ-संध्याकाळ भरवायची. दुपारी चारचं माझ्याकडे आलं, कारण त्या वेळी आई शेजारच्या गल्लीत शिवण शिकवायला जायची. मऊ भात, दूध, थोडं मीठ. मी चमचा भरायची, तोंड भिंतीकडे वळवायची, आणि हात लांब करून अंदाजाने चमचा पुढे न्यायची. अर्धा भात आत जायचा, अर्धा हनुवटीवरून खाली यायचा आणि तो मला चमच्याने गोळा करून परत भरवावा लागायचा. त्या चमच्याचा दातावर होणारा आवाज आणि मागोमाग येणारा ओला चपचप आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी मनात पाढे म्हणायची. भरवून झालं की मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. ज्या माणसासारखी मी होते म्हणून मिरवत होते, तो माणूस असा झाला याचा मला रागही यायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही. अशी गोष्ट कोणाला सांगणार?

त्याच वर्षी खाली टेलिव्हिजन आला. गल्लीतला तो पहिलाच. अरुणकाकूंनी गच्चीवर अँटेना लावला, आणि दोन दिवस सगळी गल्ली मान वर करून तो अँटेना बघत होती. त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बहुतेक वेळ कोणीतरी गंभीरपणे काहीतरी वाचून दाखवत असे. पण आठवड्यातून एकदा संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम लागायचा आणि त्यात शेवटी पाच-सात मिनिटांचं कार्टून असायचं. कुठल्याशा परदेशातलं. त्यात कोणी बोलत नसे, नुसते आवाज. बटाट्यासारखा एक गोल प्राणी, त्याला केस नाहीत, कपडे नाहीत, फक्त एक भलं मोठं गळकं नाक. तो शिंकला की नाकातून लांबलचक दोर यायचा, आणि त्या दोराला धरून तो खिडकीतून खाली उतरायचा. कानातला मळ काढून त्याची मेणबत्ती करायचा आणि तिच्या उजेडात जेवायला बसायचा. सूप पिताना दात सूपमध्ये पडले की ते चमच्याने शोधून गिळायचा, आणि मग पोटातून दात वाजल्याचा आवाज यायचा. मुलांनी त्याचं नाव शिकनिबाबू ठेवलं होतं. शिकनि म्हणजे शेंबूड.

मिनू आणि टुकू तर त्याच्यासाठी वेड्या झाल्या होत्या. आठवडाभर घरात शिंकांचे खोटे आवाज, ढेकरा, तोंडातून फुर्रफुर्र. गल्लीतली दहाबारा मुलं त्या दिवशी काकिमांच्या खोलीत जमिनीवर एकमेकांच्या अंगावर बसायची आणि हसून हसून लोळायची. मी दारापाशी उभी राहून पाहायची, कारण वर एकटीने बसणंही नको वाटायचं. पहिल्या खेपेलाच, तो मेणबत्ती कानातून काढतो तिथे, माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. यात हसण्यासारखं काय आहे, असं मी टुकूला विचारलं तर ती म्हणाली, ‘नोंगरा ना, ताइ तो.’ घाण आहे ना, म्हणूनच तर.

आता माझा नातू ज्या मालिका बघतो त्यात याहून पुष्कळ भयंकर असतं. परवा त्यातल्या एकाने नाकातून काढलेलं दुसऱ्याच्या सँडविचला लावलं आणि नातू सोफ्यावरून खाली पडला, इतका हसला. मी चॅनेल बदल म्हटलं. ‘आजी, तू डोळे मीट ना,’ म्हणाला. मला टुकूची आठवण आली. पोरांना या घाणीत काय सापडतं हे मला पन्नास वर्षांत कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. माझ्यापुरतं मला जे कळलं ते असं घडलं.

एका संध्याकाळी बाबा आणि अरुणकाकूंनी अण्णाकाकांना वेताच्या खुर्चीसकट उचलून खाली नेलं. दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, जरा करमणूक होईल, असं बाबांच्या मनात होतं. मुलांनी त्यांना पुढे जागा करून दिली. कार्टून लागलं. शिकनिबाबू शिंकला, दोर बाहेर आला, पण या वेळी दोर त्याच्या स्वतःच्याच पायात अडकला आणि तो उलटा लोंबकळायला लागला. आणि अण्णाकाका हसले. झटका आल्यापासून ते हसलेले आम्ही पाहिले नव्हते. तो आवाज हसण्यासारखा नव्हताच. पंपातून पाणी येण्याआधी पंप खोकतो तसा तो होता. त्यांचं सगळं अंग हलायला लागलं, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार निघाली, ती पंच्यापर्यंत न तुटता गेली आणि त्यांच्या हसण्याबरोबर झोके घ्यायला लागली. मुलं पडद्याकडे बघायची सोडून त्यांच्याकडे बघायला लागली.

टुकू म्हणाली, ‘जेठू तो ठीक शिकनिबाबू.’ जेठू म्हणजे मोठे काका. अगदी शिकनिबाबूच.

काकिमांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. बाबा खाली बघायला लागले. आणि अण्णाकाका, मी हे स्वतः पाहिलं म्हणून सांगते, त्यांनी डाव्या हाताने ती तार पकडली, हलकेच लांब ओढली, आणि टुकूकडे बघत एक भुवई वर केली. खोलीत असा हशा उसळला की टेलिव्हिजनचा आवाज ऐकू येईना. मी तिथून निघाले, जिना चढले आणि मोरीत जाऊन ओकले. खालून हसणं येतच होतं. अण्णाकाकांचाही तो पंपासारखा आवाज त्यात होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल मागितली, म्हणजे हवेत रेघा मारून दाखवल्या. मिनूने तिची एक जाड वही दिली. पहिले काही दिवस नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. मग एक गोल, मग गोलाला नाक. मग मी शाळेतून आले तर मिनू आणि टुकू त्यांच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसलेल्या, आणि काका अंगठ्याखालून वहीची पानं फर्रकन सोडताहेत. पानांच्या कोपऱ्यांत त्यांनी एकेक चित्र काढलं होतं आणि ती पानं भराभर सुटली की चित्र हालायचं. खुर्चीत बसलेला एक वाकड्या तोंडाचा माणूस. त्याच्या तोंडातून थेंब पडतो. थेंबाचं तळं होतं. तळं वाढतं, खुर्ची तरंगायला लागते, आणि माणूस चमच्याने वल्हं मारत खिडकीतून बाहेर जातो. शेवटच्या पानावर तो गंगेत पोहोचलेला असायचा आणि सगळे मासे नाक धरून पळत असायचे.

मग ते रोजचंच झालं. चारच्या सुमाराला खालची पोरं वर यायची. मी भरवायला बसायच्या आत मिनू चमचा पळवायची. ‘काका, बोट आली, आता बोट बुडणार,’ म्हणायची, आणि काका मुद्दाम गालातला भात एका बाजूने बाहेर सोडायचे, आणि पोरी किंचाळत पुन्हा भरवायच्या. ते दुप्पट जेवायला लागले. आईने बाबांना सांगितलं, ‘भाऊजींच्या अंगावर मांस चढतंय.’ सगळे खूश होते. मला तो प्रकार बघवत नव्हता. माझ्या डोक्यात ते अजून दोन रुमालांचे अण्णाकाका होते, आणि हा माणूस पोरांपुढे लाळेचे फुगे काढत होता.

एकदा मी आईला म्हटलं, ‘त्यांना थांबव ना. सगळे त्यांना हसतात.’

आई कणीक मळत होती. ‘त्यांना हसतात का त्यांच्याबरोबर हसतात, ते तू नीट बघितलंस का?’

‘मला बघवतच नाही.’

‘मग नको बघू. पण जे बघितलं नाहीस त्याबद्दल बोलूही नको.’

मला तेव्हा वाटलं, आईला आपलं काम कमी झालं म्हणून हे चालतंय. आता लिहिताना त्या विचाराची लाज वाटते, पण तो आला होता.

एका दुपारी काकांना डुलकी लागली होती आणि वही त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडली होती. मी ती दोन बोटांनी उचलली, कोपरा ओलसर होता म्हणून. उघडली. नवीन पानं होती. मी अंगठ्याखालून ती सोडली.

दोन वेण्यांची एक मुलगी हातात चमचा धरून उभी होती. तिचं तोंड दुसरीकडे. चमचा पुढे यायला लागला आणि तिचा हात लांबायला लागला. पानागणिक हात लांब होत गेला, मुलगी मागे मागे सरकत गेली, दाराबाहेर गेली, जिना उतरली, रस्त्यावर जाऊन ट्राममध्ये बसली, आणि हात मात्र अजून खोलीत चमचा धरून. मग तिचं नाक तिच्या चेहऱ्यावरून सुटलं आणि छोट्याशा पायांनी चालत ट्राममधून उतरून गेलं. इकडे चमचा अंदाजाने पुढे आला आणि खुर्चीतल्या माणसाच्या कानात गेला. माणसाने कानानेच भात खाल्ला. डाव्या हाताने काढलेलं ते चित्र थरथरतं होतं, पण माझी वेणी, माझी वळवलेली मान, सगळं बरोबर होतं. मी तोंड भिंतीकडे केलं की त्यांना दिसत नाही, असं मी इतके महिने धरून चालले होते.

पोरांनी हे पाहिलं असणार. कालच पाहिलं असणार. मला आठवलं, काल जिन्यात टुकूने आपला हात लांब करून चालून दाखवलं होतं आणि मिनू हसली होती.

स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी अजून धगधगत होती. मी वही उघडून त्यात घातली. ओलसर कोपरे आधी चुरचुरले, मग पेटले. मी उभी राहून ती पूर्ण जळेपर्यंत बघितली आणि नंतर हात धुतले.

वही नाही म्हटल्यावर मिनूने घर डोक्यावर घेतलं. वही अधूनमधून टुकू खाली घेऊन जायची, म्हणून पहिला संशय तिच्यावर गेला. ती नाही नाही म्हणत राहिली. काकिमांनी तिला दोन ठेवून दिल्या. ‘आजारी माणसाची वस्तू,’ म्हणत त्या स्वतः रडल्या, आणि टुकूला वर यायची बंदी केली. मी हे सगळं जिन्याच्या कठड्यापाशी उभी राहून ऐकलं. एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. मी बोलले नाही. अण्णाकाकांनी काही विचारलं नाही. विचारणार कसे? पण त्या संध्याकाळी त्यांनी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईने चमच्याने ओठ उघडून दूध घातलं, ते तसंच बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी बाबा डॉक्टरांना बोलावून घेऊन आले. डॉक्टरांनी नाडी बघितली, पापणी वर करून बघितली आणि सांगितलं, ‘असंच राहिलं तर हॉस्पिटलात न्यावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल.’

त्या दुपारी आई शिवणाला गेली नाही, पण स्वयंपाकघरात कामात होती. मी वाटी घेऊन काकांसमोर बसले. या खेपेला मी भिंतीकडे बघितलं नाही. त्यांच्या हनुवटीवर दाढीचे पांढरे खुंट वाढले होते आणि त्यांत दूध वाळलं होतं. मी म्हटलं, ‘काका, वही मी जाळली. टुकूने नाही. मी.’

ते माझ्याकडे बघत राहिले.

‘तुम्ही माझं तसं चित्र काढलंत म्हणून. मला किळस येते, मी काय करू? मला खरंच येते. मी मुद्दाम नाही करत.’ एवढं बोलून मला रडू फुटलं.

त्यांनी तोंड उघडलं. मी घाईघाईने चमचा आत घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. त्यांनी गिळलं नाही. गाल फुगले. डोळ्यांत काहीतरी हललं, ते मी ओळखायला हवं होतं, पण मला उशीर झाला. त्यांनी फुर्र करून सगळा भात माझ्या तोंडावर उडवला. कोमट दूध, शितं, लाळ, सगळं माझ्या डोळ्यांवर, ओठांवर, आणि रडत असल्यामुळे उघड्या असलेल्या तोंडात. आंबूस चव जिभेला लागली मात्र, आणि मी ओकले. मोरीपर्यंत जायला वेळच मिळाला नाही. त्यांच्या मांडीवर, धोतरावर, त्या चौकड्यांच्या पंच्यावर, दुपारचा वरणभात आणि वाटाण्याची उसळ, सगळं.

मी तशीच वाकून बसले. आता ते काय करतील याची भीती वाटत होती. त्यांनी डाव्या हाताने तो पंचा उचलला, त्याचा त्यातल्या त्यात कोरडा कोपरा शोधला, आणि माझं तोंड पुसलं. हळू, नीट, आधी ओठ, मग हनुवटी, मग नाक. मी आयुष्यात इतकं घाणेरडं काही सोसलेलं नाही. तो वास आत्ताही लिहिताना नाकात येतो आणि माझी मान मागे जाते. पण तेव्हा मी मान मागे घेतली नाही. पुसणारा हात ओळखीचा होता. मग त्यांनी आपल्या मांडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा तो पंप खोकायला लागला. ते हसत होते.

आई धावत आली आणि दारात थबकली. आमच्याकडे बघून तिने आधी पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, ‘उसळ चावून खायची असते गं.’ आणि ती पाणी तापवायला गेली.

त्या दिवशी त्यांचं धोतर बदलायला मी आईला मदत केली, पंचा मी धुतला, जमीन मी पुसली. त्यात मला आणखी दोनदा उमासे आले. नंतर काकांनी वाटीभर भात खाल्ला, आणि मग मी खाली गेले. टुकू खिडकीच्या गजाला टेकून बसली होती. काकिमा वाटण वाटत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं की वही मी जाळली, टुकूने हात लावला नव्हता. काकिमांचा हात पाट्यावर थांबला. त्यांनी टुकूकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

टुकू माझ्याकडे बघेना. तिच्या गालावर काही वळ वगैरे नव्हता, पण तीन दिवसांत ती बरीच लहान दिसायला लागली होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. चित्रं परत येणार नव्हती. मी माफ कर म्हटलं, ते तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग, दुसरं काहीच सुचेना म्हणून, मी म्हटलं, ‘मी आत्ता जेठूंच्या अंगावर उलटी केली.’

तिने मान वळवली. ‘मिछे कथा.’ खोटं.

‘खरंच. त्यांनी माझ्या तोंडावर भात उडवला, आणि मी ओकले.’

‘कुठे?’

‘मांडीवर.’

‘किती?’

मी हातांनी दाखवलं. ती गंभीरपणे बघत होती. ‘त्यात काय काय होतं?’ असं तिने विचारलं आणि मी सांगितलं. वरण होतं. भात होता. वाटाणे होते, सालांसकट, अख्खे. तिच्या ओठांचा कोपरा हलला. ‘अख्खे?’ म्हणाली. मी म्हटलं, अख्खे, एक तर घरंगळत पलंगाखाली गेला. तिथे ती फुटली. पोट धरून आडवी झाली, पाय झाडायला लागली, आणि काकिमा ‘छी छी’ म्हणत पाट्यावरून उठल्या, त्यांच्याही खांद्यांना हसू आवरेना. आवाज ऐकून मिनू जिन्यावरून धावत आली, आणि तिच्यामागे गल्लीतली आणखी दोन पोरं.

माझ्या केसांना तो वास होता, नखांत साबण होता. टुकूने डोळे पुसले, आलेल्या पोरांना खाली बसवलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘आबार बलो.’ परत सांग. आणि मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.